राजकन्या, शाळकरी मुलं आणि ‘पँटो’

१९४३ च्या डिसेंबरात विंडसरच्या किल्ल्यात ‘अल्लादीन’चे प्रयोग झाले. अल्लादीन झाली होती १७ वर्षांची राजकन्या एलिझाबेथ, तर राजकुमारी रोक्साना तिची धाकटी बहीण मार्गारेट. बाकीची पात्रं बरीचशी शाळेतली मुलं, त्यांत बाँबहल्ल्यांमुळे लंडनहून हलवलेलीही होती. विंडसर ग्रेट पार्कमधल्या शाळेचे मुख्याध्यापक ह्युबर्ट टॅनर यांनी ही मंडळी जमवून नाटक उभं केलं. उत्पन्न गेलं सैनिकांच्या विणकामाला लागणाऱ्या लोकरीच्या निधीला. १९४१ ला ‘सिंड्रेला’, पुढच्या वर्षी ‘स्लीपिंग ब्यूटी’ आणि १९४४ ला तर दोन-तीन परीकथांचा काला असं हे चार वर्षं चाललं.

राजघराण्याचा थाट वगळा, इंग्लंडातल्या गावोगावच्या हौशी मंडळांत आजही हेच चालतं. या खेळाला तिथे ‘पँटो’ म्हणतात. अठराव्या शतकात तो मुख्यतः मुका होता, संवादी नाटकाचा परवाना मोजक्याच नाट्यगृहांना असे. १८४३ च्या कायद्याने ती मक्तेदारी मोडली आणि पँटोला जी वाचा फुटली ती आजतागायत थांबलेली नाही.

नियम मात्र कडक. नायक ‘प्रिन्सिपल बॉय’, म्हणजे परंपरेने आखूड अंगरख्यातली तरुणी, म्हणून तर एलिझाबेथ अल्लादीन झाली. नायकाची आई किंवा स्वयंपाकीण असते ‘डेम’, आणि ती करतो गावातला एखादा आडदांड गृहस्थ. आपल्याकडे बालगंधर्वांचं यश पुरुष विसरायला लावण्यात होतं. डेमचं यश नेमकं उलटं आहे: लुगड्याआडचा बाप्या क्षणभरही विसरला जाता कामा नये. अल्लादीनची आई विडो ट्वँकी ही त्यातली सर्वांत गाजलेली. १८६१ च्या एका प्रयोगात तिला मिळालेलं हे नाव चहाच्या एका जातीवरून आलं.

खलनायक प्रेक्षकांच्या उजव्या हाताच्या विंगेतून येतो, परी डाव्या. तो आला की हुर्यो करायची. भूत मागे उभं असताना नायक इकडे-तिकडे बघत बसतो आणि अख्खं सभागृह ‘तुझ्या मागे!’ म्हणून ओरडतं. शेवटाकडे डेम मोठ्या फलकावर गाण्याचे शब्द लावून प्रेक्षकांना गायला लावते, सभागृहाच्या दोन बाजूंमध्ये चढाओढ लावते. हा प्रवेश पुढच्या पडद्यासमोर होतो, कारण त्यामागे लग्नाचा दरबार मांडायचा असतो आणि नटांना भरजरी कपडे चढवायचे असतात. गरजेतून निघालेली युक्ती पुढे परंपरा झाली. तालमीत शेवटचं यमकबद्ध द्विपद मात्र कुणी म्हणत नाही, अपशकुन मानतात. ते भरतवाक्य पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच ऐकायचं.

या सगळ्यात अभिनय दुय्यम आहे, असं माझं मत. दोन माणसांची मिळून झालेली गाय चालता चालता अडखळली तर प्रेक्षक जास्तच खूश होतात. वाक्य विसरलेल्या डेमला पुढच्या रांगेतला पोरगा उत्तर देतो आणि त्यातून नवा विनोद निघतो. पडणाऱ्याला सांभाळून घेणारा प्रेक्षक ओळखीचा असावा लागतो, तो हौशी मंडळाला घरबसल्या मिळतो. व्यावसायिक पँटोत दूरचित्रवाणीवरचे तारे असतात, पण डेमच्या वेषातला गावचा खाटीक नसतो. आणि मंडळाच्या हिशेबात पँटो हा कमावता पोर. त्याच्या गल्ल्यावर वर्षातली गंभीर नाटकं तगतात.

विंडसरचं नेपथ्य मला या साऱ्याचा नमुना वाटतं. नेपोलियनला हरवणाऱ्या सेनानी-सम्राटांची थॉमस लॉरेन्सने काढलेली चित्रं युद्धात सुरक्षित जागी हलवली होती. प्रयोग जिथे होत त्या वॉटर्लू दालनातल्या रिकाम्या जागांसाठी क्लॉड व्हॉटम या स्थलांतरित, किशोरवयीन कलाविद्यार्थ्याने भिंतीच्या कागदाच्या गुंडाळ्यांवर पँटोची पात्रं रंगवली. हाच मुलगा पुढे चित्रपट-दिग्दर्शक झाला. युद्धानंतर सम्राट परतले आणि कागदी पात्रं त्यांच्या मागेच राहिली. २०२० मध्ये वरची चित्रं उतरवली तेव्हा लोकांना ती पुन्हा दिसली.

ब्रिटनमधल्या मराठी आईबापांना एकच सुचवतो. मोठ्या शहरातलं महागडं तिकीट काढण्याआधी आपल्या वस्तीतल्या मंडळाची जाहिरात बघा. त्यांचे प्रयोग बहुधा नाताळ उलटल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत असतात. पुढच्या रांगेत बसा आणि मुलांना गप्प बसायला सांगू नका.