बसऱ्याच्या मोत्याचे मोल

माणसाचा हात न लागता समुद्रातल्या कालवाच्या पोटात तयार झालेला मोती म्हणजे नैसर्गिक मोती. मराठी घरांतून त्याला आजही 'बसरा मोती' म्हणतात. हे नाव बंदराचे आहे. मोती निघत ते बहारीनच्या आसपास, इराणच्या आखातात. व्यापार मात्र बसऱ्याच्या नावाने चाले. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. प्रत्यक्षात कालवाच्या अंगात एखादा परजीवी शिरतो किंवा त्याच्या त्वचेला इजा होते, आणि त्वचेच्या काही पेशी आत ढकलल्या जातात. या पेशींची एक पिशवी बनते. शिंपल्याची आतली बाजू ज्या द्रव्याने चकाकते, त्याच द्रव्याचे थर या पिशवीत वर्षानुवर्षे एकावर एक चढत जातात. थर इतके पातळ असतात की आत शिरलेला उजेड प्रत्येक थरावरून थोडाथोडा परततो. सराफ ज्याला मोत्याचे 'पाणी' म्हणतात, ते हेच. शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा एखादा बरा मोती हाती लागे. जुन्या मोत्याच्या आजच्या किमतीचे मूळ या दुर्मीळपणात आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसराला या मोत्याची ओळख फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात पैठणचा उल्लेख भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरचे शहर असा आहे. आखाताच्या टोकाच्या अपोलोगस या बंदरातून भडोचला पुष्कळ मोती येतात, असेही त्यात नोंदवले आहे. अपोलोगस म्हणजे आजच्या बसऱ्याजवळचेच ठिकाण. म्हणजे बसऱ्याचा मोती आणि पैठणची वाट यांची गाठ दोन हजार वर्षांपूर्वीच पडली होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र आहे. त्याच्या गळ्यात मोत्यांचा हार आहे आणि खांद्यावरून मोत्यांचेच यज्ञोपवीत खाली उतरते. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराने मोती जवळून पाहिले होते, हे त्या चित्रासमोर उभे राहिले की पटते.

पुढे निजाम-उल-मुल्क आसफजाहने 1724 मध्ये दख्खनेत आपली स्वतंत्र सत्ता उभी केली, तेव्हा तिचे मुख्य ठाणे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, होते. त्याची कबर खुलताबादेत आहे. राजधानी हैदराबादला गेल्यावर मोत्यांचा मोठा बाजारही तिथेच भरभराटला. निजामाच्या खजिन्यातले 173 दागिने भारत सरकारने 1995 मध्ये सुमारे 218 कोटी रुपयांना विकत घेतले आणि रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत ठेवले. त्यांचे प्रदर्शन भरले की लोक त्यातला जेकब हिरा पाहायला गर्दी करतात. पण त्याच संग्रहात बसऱ्याच्या 465 मोत्यांचा सातलडा हार आहे, आणि मोत्याची समज असलेला माणूस त्याच्यासमोर जास्त वेळ थांबेल. सरकारने खरेदी केली नसती, तर हा ठेवा परदेशी लिलावात फुटून गेला असता.

पेशवाईत आणि मराठा दरबारांत मोती पुरुषही घालत. शिरपेचावर मोत्यांचा तुरा असे आणि कानात भिकबाळी. बायकांच्या अंगावर नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या आणि बाजूबंद असत. हे दागिने ओवण्याचे काम पटवेकऱ्याचे. रेशमाच्या दोऱ्यात मोती गाठवून तो सर तयार करी आणि काही वर्षांनी दोरा झिजला की पुन्हा ओवून देई.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई ही जगातली मोत्यांची मोठी बाजारपेठ होती. आखातातला माल इथे येई, निवडला जाई, त्याला वेज पाडले जाई आणि इथूनच तो पॅरिस-लंडनला जाई. तेव्हाचा भाव आज खरा वाटणार नाही. 1917 मध्ये कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्याने न्यू यॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची एक हवेली घेतली. मोबदल्यात त्याने दिली 10 लाख डॉलर किमतीची मोत्यांची दुपेडी माळ आणि वर 100 डॉलर रोख. कार्तिएचे दुकान अजून त्याच इमारतीत आहे. माळ मात्र 1957 मध्ये लिलावात निघाली तेव्हा तिला दीड लाख डॉलरच्या आसपासच किंमत आली.

मधल्या चाळीस वर्षांत जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी कालवाच्या अंगात मणी बसवून मोती 'पिकवण्याची' रीत व्यापारात आणली होती. 1920च्या दशकात हे संवर्धित मोती युरोपात पोहोचले आणि बाजाराचा विश्वास डळमळला. त्यावर 1929 ची जागतिक मंदी आली, आणि 1932 मध्ये बहारीनला तेल सापडले. जीव धोक्यात घालून समुद्रात बुड्या मारणारे पाणबुडे तेलाच्या कामाला लागले. आखातातला मोत्यांचा धंदा एका पिढीत संपला. त्यामुळे नैसर्गिक मोत्यांचा नवा पुरवठा जवळजवळ थांबला, आणि पूर्वी जे निघाले होते तेवढेच जगात उरले.

मराठी माणसांच्या इतिहासात या साऱ्याचे सगळ्यात मोठे उदाहरण बडोद्याचे आहे. गायकवाडांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातले दावडी. खंडेराव गायकवाड 1856 ते 1870 या काळात गादीवर होते आणि जवाहिरांवर त्यांचा विलक्षण जीव होता. 1865च्या सुमारास त्यांनी मोत्यांची एक चादर करवून घेतली. ती मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायची होती, असे परंपरेने सांगतात. मराठा राजाने केलेला हा संकल्प त्याच्या दरबाराविषयी बरेच काही सांगतो. चादरीत बसऱ्याचे पंधरा ते वीस लाख बारीक मोती आहेत. हिरे, माणके, नीलम आणि पाचू यांची फुले त्यांच्यामधून उमलतात. साधारण पावणेदोन मीटर रुंद आणि अडीच मीटरहून जास्त लांब अशी ती आहे. कातडे आणि रेशीम यांच्या अस्तरावर एकेक मोती टाचून ती भरली आहे. मोहरीएवढा मोती सुईत ओवायचा म्हणजे आधी त्याला केसाएवढे वेज पाडायला हवे, आणि हे काम लाखो वेळा करायचे. ते करणाऱ्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. खंडेराव 1870 मध्ये वारले आणि चादर बडोद्यातच राहिली. 1902-03 च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. पुढे ती परदेशी गेली. मार्च 2009 मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने दोह्यात तिचा लिलाव केला आणि ती सुमारे 54 लाख 58 हजार डॉलरना गेली. आज ती कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या समुद्रातून तिचे मोती निघाले, त्याच्याच काठी ती परतली.

बडोद्याच्या खजिन्यात मोठ्या मोत्यांचा एक सातपेडी हारही होता. खंडेरावांची पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याचा मुलगा 1875 मध्ये दत्तक घेतला, तोच सयाजीराव महाराज. त्यांचे नातू प्रतापसिंहराव 1939 मध्ये गादीवर आले. त्यांची दुसरी पत्नी सीतादेवी हा सातपेडी हार घालून बसलेल्या छायाचित्रांत दिसतात. 1940च्या दशकाच्या अखेरीस दरबाराचे बरेच जवाहीर त्यांच्याबरोबर युरोपात गेले. बडोद्याचे संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि या दागिन्यांची चौकशी झाली. काही परत आले, काही कायमचे बाहेर राहिले. सातपेडी हारातले सर्वांत मोठे 68 मोती निवडून त्यांची पुढे दुपेडी माळ झाली. 25 एप्रिल 2007 रोजी क्रिस्टीजने न्यू यॉर्कमध्ये ती 70 लाख 96 हजार डॉलरना विकली. सर्वांत लहान मोती साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, सर्वांत मोठा सोळा मिलिमीटर. सोळा मिलिमीटर म्हणजे चांगल्या बोराएवढा मोती. तोही गोल, पाणीदार आणि शेजारच्याशी रंगाने मिळता.

ही किंमत कशी ठरते, ते समजायला जुन्या मुंबई बाजाराची रीत पाहावी. मोत्याचा भाव वजनाच्या सरळ पटीत चढत नाही, वजनाच्या वर्गाच्या पटीत चढतो. या हिशेबाला व्यापारी 'चव' म्हणत. युरोपातला हिशेब ग्रेनमध्ये असे, आणि एक ग्रेन म्हणजे पाव कॅरेट, 50 मिलिग्रॅम. चार ग्रेनचे दोन मोती घेतले तर 16 आणि 16 मिळून 32 पट होतात. तेवढ्याच एकूण वजनाचा आठ ग्रेनचा एकच मोती 64 पट होतो. वजन सारखे, किंमत दुप्पट. त्यावर गोलाई, पाणी, रंग आणि डाग पाहिले जातात. माळ असेल तर जुळणी सर्वांत महागात पडते, कारण एकसारखे मोती जमवायला जुन्या काळी कित्येक वर्षे लागत.

या सगळ्याच्या वर बसते वंशावळ, म्हणजे दागिना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याचा पुरावा. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतचे मोत्याचे पदक सदबीजने नोव्हेंबर 2018 मध्ये जिनिव्हात विक्रीला काढले तेव्हा अंदाज 10 ते 20 लाख डॉलरचा होता. ते विकले गेले 3 कोटी 60 लाखांहून अधिक डॉलरना. अभिनेता रिचर्ड बर्टनने 'ला पेरेग्रिना' हा मोती 1969 मध्ये 37 हजार डॉलरना घेऊन पत्नी, अभिनेत्री एलिझाबेथ टेलर हिला दिला होता. तो जडवलेला हार 2011 मध्ये 1 कोटी 18 लाख डॉलरवर गेला. मोती चांगलाच आहे, पण त्या पैशांतला मोठा वाटा नावाचा आहे.

मोठ्या लिलावात प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय मोत्याला कोणी हात लावत नाही. दातावर घासून मोती पारखण्याची रीत घराघरांत माहीत आहे. खरा मोती दाताला किंचित खरखरीत लागतो आणि काच गुळगुळीत. पण संवर्धित मोतीही तसाच खरखरीत लागतो, तेव्हा या परीक्षेतून फक्त नकली माल कळतो. क्ष-किरणांनी मात्र पोट दिसते. समुद्रातल्या संवर्धित मोत्यात बहुधा शिंपल्याचा गोल मणी आणि त्यावर पातळ साल असते. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखे गाभ्यापर्यंत थर असतात. चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या संवर्धित मोत्यांत अनेकदा मणी नसतो, म्हणून ते जास्त फसवतात. पण त्यांच्यात मँगनीज अधिक असल्याने क्ष-किरणांखाली ते चमकतात, समुद्रातले नैसर्गिक मोती बहुधा चमकत नाहीत. वय ठरवण्यासाठी आता कार्बन-14 चीही चाचणी करता येते.

घरातल्या जुन्या नथीचा प्रश्न यानंतर येतो. ती मोडीत देताना सराफ मोती-खडे बाजूला काढतो, त्यांचे वजन वजा करतो आणि सोन्याचे पैसे देतो. पणजीच्या नथीतले बसरा मोती अशा व्यवहारात अक्षरशः फुकट जातात. हा तोटा टाळता येण्याजोगा आहे. भिंगातून मोत्याचे वेज पाहावे. तोंडाशी आतला मणी आणि वरची साल यांच्यामध्ये गडद रेघ दिसली तर मोती संवर्धित समजावा. रेघ दिसली नाही तर मोडीचा विचार सोडून मुंबईतल्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत दागिना तपासून घ्यावा. शंभर वर्षे घामाशी संबंध आलेले मोती कधी कधी झिजून पिंपासारखे झालेले असतात. घाम, अत्तर, लिंबू, शिकेकाईचे पाणी हे सगळे मोत्याला खाते, कारण तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहे. एक साधी नथ लाखो रुपये आणेल, अशी आशा धरू नये. मोती लहान असतात आणि वर्गाचा हिशेब लहान मोत्याला मारतो. पण तन्मणीतला मोठा, गोल, पाणीदार मोती किंवा जुळलेली जुनी माळ यांची पारख व्हायलाच हवी. सोबत जुने फोटो, लग्नाच्या याद्या, पावत्या असे जे काही घरात असेल ते जपून ठेवावे. लिलावात त्या कागदांनाही मोल येते.

कायद्याची बाजूही माहीत हवी. 1972च्या पुरावस्तू आणि कलावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुना दागिना पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. जिनिव्हा-न्यू यॉर्कचे आकडे ऐकून कोणी जुना दागिना तिकडे पाठवायला निघाला तर तो गुन्हा ठरेल. तिकडे विकले जाणारे बडोद्याचे मोती फार आधीच देशाबाहेर गेलेले आहेत. देशात विकायला अडचण नाही. मुंबईत सॅफ्रनआर्ट, अस्तगुरू यांसारख्या लिलावसंस्था जुन्या दागिन्यांचे लिलाव करतात. आधारभूत किंमत, संस्थेचे कमिशन, खरेदीदाराने वर द्यायची रक्कम आणि कर हे चारही आकडे लेखी मागून घ्यावेत. जाहीर होणाऱ्या किमतीत खरेदीदाराने दिलेले कमिशन बहुधा मिळवलेले असते, आणि विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते.