रंग गेला, पण द्रव्य गेले का?

मिथिलीन ब्लूचा ‘निळ्या बाटली’चा प्रयोग रसायनशास्त्राच्या शिक्षकांना परिचित आहे. ग्लुकोज व अल्कली घातलेले निळे द्रावण स्वस्थ ठेवले की रंगहीन होते आणि बाटली हलवली की पुन्हा निळे होते. म्हणजे रंग नाहीसा झाला तरी रंगद्रव्य बाटलीतच असते. पाण्यातील सेंद्रिय प्रदूषके प्रकाशाने नष्ट करण्याचा विचार करताना हा साधा धडा विसरून चालत नाही.

हा विचार मराठवाड्यात केवळ पुस्तकी राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. अशा प्रदेशात वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता आले तर हवेच आहे. पाणी कमी असले तरी ऊन भरपूर आहे. मेच्या मध्यास नांदेड-लातूर येथे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. या उन्हाला कामाला लावणारा पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड.

भुकटी काय करते?

भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच ही भुकटी. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी या पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन केल्याचे प्रसिद्ध केले आणि जगाचे तिच्याकडे लक्ष गेले.

टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्याच्या ‘अनाटेज’ या स्फटिकरूपातील इलेक्ट्रॉनला खालच्या ऊर्जापट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जाण्यास ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश ती पुरवतो. इलेक्ट्रॉन वर गेला की खाली धनप्रभारित पोकळी उरते. बहुतेक वेळा दोघे पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जे कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतात तेच कामाचे. तेथे पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते, तर इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. हायड्रॉक्सिल मूलक अतिशय क्रियाशील असतो आणि समोर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. भुकटी मात्र स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून तिला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

आमची चूक

सुरुवातीच्या काळात आम्ही मिथिलीन ब्लूच्या द्रावणात भुकटी घालून ते उन्हात ठेवले. रंग झपाट्याने उतरला आणि आम्ही खूश झालो. ‘अंधारात ठेवलेले भांडे कुठे आहे?’ असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. तसे भांडे आम्ही ठेवलेच नव्हते. नंतर ठेवले, तेव्हा त्यातलाही बराच रंग उतरला! रंगद्रव्य भुकटीच्या कणांना नुसते चिकटून बसले होते. यास अधिशोषण म्हणतात. यात विघटन होत नाही, फक्त घाणीची जागा बदलते.

विघटन झाले तरी ते पुरे झाले असे नाही. मिथिलीन ब्लूच्या रेणूत १६ कार्बन अणू असतात. मधले कडे तुटले की रंग जातो, पण लहान तुकडे पाण्यात उरतात. त्या सर्वांचे कार्बन डायऑक्साइड, पाणी व साधे क्षार होतील तेव्हाच काम संपले. म्हणून रंगाबरोबर पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनही मोजावा लागतो.

वर्गासाठी प्रयोग

मिथिलीन ब्लूचे फिकट निळे द्रावण तीन काचेच्या पेल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर घ्या. पहिल्यात भुकटी घालू नका. दुसऱ्या व तिसऱ्या पेल्यात प्रत्येकी ०.१ ग्रॅम अनाटेज भुकटी घालून ढवळा आणि अर्धा तास अंधारात ठेवा. मग दुसरा पेला काळ्या कागदात गुंडाळा व तिन्ही पेले दुपारच्या उन्हात ठेवा. दर दहा मिनिटांनी ढवळा. दोन तासांनंतर सर्व पेले अंधारात रात्रभर स्थिर ठेवा आणि वरच्या पाण्याचे रंग ताडून पाहा. पहिला पेला नुसत्या उन्हाचा, दुसरा अधिशोषणाचा परिणाम दाखवतो. तिसऱ्यात या दोहोंपेक्षा अधिक काय झाले, ते प्रकाश-उत्प्रेरणाचे. रंगाच्या दुकानातील भुकटी वापरू नका. तिच्या कणांवर बहुधा दुसऱ्या ऑक्साइडांचा थर असतो आणि ती मंद काम करते. कोरडी भुकटी श्वासावाटे जाऊ देऊ नये.

मर्यादा

सूर्यप्रकाशात अतिनील भाग सुमारे ४ ते ५ टक्केच असतो. दृश्य प्रकाशही वापरता यावा म्हणून भुकटीत नायट्रोजन किंवा धातूंचे अंश मिसळण्याचे प्रयत्न चालतात. गढूळ पाण्यात प्रकाश आतवर शिरत नाही. काळ्या पाषाणातून येणाऱ्या आपल्या जड पाण्यातील बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकांना मध्येच गिळते. बारीक भुकटी पाण्यातून परत काढणेही सोपे नाही. शिवाय ही क्रिया सेंद्रिय रेणू मोडते, मूलद्रव्ये नव्हे. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांतील पाण्यात असलेले फ्लोराइड तिने जाणार नाही.

तेव्हा गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर हा सरसकट उपाय नव्हे. नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया झाल्यावर स्वच्छ पाण्यात उरलेले रंग, औषधे वा कीटकनाशके यांचे अंश काढण्यास ती उपयोगी पडू शकते. पाण्याची टंचाई असली की रंगहीन पाणी शुद्ध मानण्याचा मोह होतो. विद्यार्थ्यांनी तिसऱ्या पेल्याकडे बोट दाखवून ‘पाणी स्वच्छ झाले’ असे म्हटले, तर शिक्षकांनी एवढेच विचारावे : रंग गेला, पण द्रव्य गेले कशावरून?