स्वस्त साखळी-करवत शेतकऱ्यास कितपत परवडते?

भीमेच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड असे हे दोन शेजारी तालुके. चासकमान, घोड व खडकवासला धरणांच्या कालव्यांचे पाणी फिरले तसा येथे ऊस वाढला. तथापि बांधावरील बाभूळ, कडुनिंब व सुबाभूळ, आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ यांची तोड करण्याचे काम काही सुटले नाही. वळवाच्या वादळात वाटेवर झाड आडवे होते, गोठ्यासाठी मेढी लागतात, सरपण फोडावयाचे असते. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर वाढल्यापासून वस्तीभोवतालची झुडपे काढून टाकण्याची निकडही वाढली आहे. पूर्वी हे काम कुऱ्हाड आणि दोघांनी ओढावयाची करवत यांवर भागत असे. आता कुऱ्हाड चालविणारा मजूर हंगामात मिळत नाही, आणि मिळाला तरी जुन्या बाभळीच्या खोडावर त्याचा दिवस जातो.

म्हणूनच गावोगाव ज्यास ‘कटर’ म्हणतात ती पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत शेतकऱ्याच्या घरी येऊ लागली आहे. नामांकित कारखान्यांच्या करवतीस वीस-पंचवीस हजार रुपये व त्याहून अधिक पडतात. दिसण्यास तशीच, परंतु निरनिराळ्या नावांनी विकली जाणारी करवत पाच ते नऊ हजारांत मिळते. ही स्वस्त करवत टिकते काय, आणि तिच्यात घातलेला पैसा वसूल होतो काय, हा प्रश्न शेतकरी बंधू ग्रामकार्यकर्त्यांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही; ते करवतीपेक्षा कामाच्या तासांवर अधिक अवलंबून आहे.

किंमत कोठे वाचविली जाते

साखळी-करवत ही काही नवी कल्पना नव्हे. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी करवत बनविली. ती उचलण्यास दोन माणसे लागत. पेट्रोलवरील करवत १९२९ साली आली, आणि एका माणसाने चालवावयाची करवत १९५० साली. मधल्या काळात अमेरिकेतील लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे पाहिले. ती अळी डावीउजवीकडे कुरतडत पुढे सरकते, हे ध्यानात घेऊन त्यांनी १९४७ च्या सुमारास आडव्या वळणाच्या दातांची साखळी तयार केली. आज बाजारातील बहुतेक साखळ्या त्याच वळणाच्या आहेत. सांगावयाचे ते इतकेच, की रचना जुनी व सर्वांस ठाऊक असल्याने तिची नक्कल स्वस्तात होऊ शकते, आणि नक्कल म्हणून ती चालतच नाही असे समजण्याचे कारण नाही.

फरक पडतो तो बारीकसारीक भागांत. स्वस्त करवतीचे इंजिन पुष्कळदा बरे निघते; परंतु दोरीचा स्टार्टर, क्लच, तेलाचा छोटा पंप, रबरी नळ्या व सोबत दिलेली साखळी यांत काटकसर केलेली असते. शिवाय एकाच खोक्यातील दोन करवती सारख्या निघतील याची शाश्वती नसते. शेजाऱ्याची तीन वर्षे चालली म्हणून आपलीही चालेल, हा हिशेब येथे चुकतो. दुकानात पट्टी, म्हणजे बार, जितकी लांब तितके यंत्र भारी, असाही समज दिसून येतो. बावीस इंची पट्टीवर साखळी ओढण्यातच लहान इंजिनाची बरीच शक्ती खर्च होते. बांधावरील कामास सोळा-अठरा इंची पट्टी पुरेशी होते.

तासांचा हिशेब

समजा, एका शेतकऱ्यास वर्षाकाठी पंधरा तास काम आहे. सात हजारांची करवत, तिजवर जादा साखळी, कानस, चष्मा व बूट मिळून तीन हजार, असे दहा हजार रुपये गुंतले. चार वर्षांत साठ तास काम झाले, तर पेट्रोल-तेल सोडून तासाला सुमारे १६७ रुपये पडले. पंचवीस हजारांच्या करवतीस त्याच जादा खर्चासह अठ्ठावीस हजार धरले, तर त्याच साठ तासांस तासाला ४६७ रुपये पडतात. थोडे काम असणाऱ्यास महाग यंत्र हे अडकवून ठेवलेले भांडवल होय.

आता दुसरा मनुष्य घ्यावा. तो गावोगाव हिंडून झाडे तोडून देतो, किंवा वेडी बाभळीचा कोळसा पाडणाऱ्या भट्टीस लाकूड पुरवितो. वर्षाला चारशे तास काम धरले, तर चांगल्या करवतीचे अठ्ठावीस हजार चार वर्षांत तासाला साडेसतरा रुपये होतात. त्याची स्वस्त करवत ऐन कामात बंद पडली, तर सोबतच्या चार मजुरांची रोजी अंगावर पडते. अमेरिकेत धुराच्या नियमांखाली अशा हाती यंत्रांच्या उपयोगी आयुष्याच्या ५०, १२५ व ३०० तास अशा तीन पायऱ्या मानल्या आहेत. हे आकडे धुराबाबत आहेत, यंत्र त्याच तासाला बंद पडते असा त्यांचा अर्थ नव्हे. तरीही घरगुती करवतीकडून शेकडो तासांची अपेक्षा धरू नये, हे त्यांवरून उमगते. यास्तव वर्षाला वीस-पंचवीस तासांच्या आतील कामास स्वस्त करवत परवडते. भाड्याने चालविण्याचा धंदा तिच्यावर उभा करू नये.

पेट्रोल, तेल आणि साखळी

स्वस्त करवत ‘खराब निघाली’ अशी जी तक्रार येते, तिच्यात यंत्राच्या दोषाइतकाच वाटा इंधनाचा असतो. हे दुधारी इंजिन. त्यास पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच द्यावे लागते. माहितीपत्रकात २५ ला १ असे प्रमाण असेल, तर एक लिटर पेट्रोलास ४० मिलिलिटर तेल लागते. ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. लूना व जुन्या बजाज स्कूटरी वापरलेल्या पिढीस हे शिकवावयास नको, पण तिच्या मुलांनी नुसत्याच पेट्रोलवर करवत ओढून दट्ट्या चिकटविल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मोटारसायकलच्या इंजिनातील तेल येथे चालत नाही. दुधारी इंजिनासाठीचे टू-टी तेलच आणावे.

दुसरी गोष्ट अलीकडची आहे. २०२५ सालापर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. पुष्कळ छोट्या इंजिनांच्या माहितीपत्रकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली असते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते व हलक्या प्रतीच्या रबरी नळ्या त्याने फुगतात किंवा चिरतात. ज्या उसापासून ते होते तो याच तालुक्यांतून कारखान्यास जातो, हा योगायोग गमतीचा खरा. पण करवतीस त्याचे सोयरसुतक नाही. म्हणून आठवडाभर पुरेल एवढेच मिश्रण करावे. काम संपताच टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पावसाळाभर टाकीत पेट्रोल राहिलेली करवत दिवाळीस सुरू झाली नाही, तर नवल नाही.

साखळीचे तेल निराळे असते, व त्याची टाकीही निराळी असते. जळके इंजिन-तेल फुकट मिळते म्हणून त्यात ओतू नये. त्यातील लोखंडाचा कीस पंपात बसतो. तेल येते की नाही हे पाहण्याची साधी रीत अशी : चालू करवतीचे टोक स्वच्छ फळीपासून वीतभर अंतरावर धरावे, क्षणात फळीवर तेलाची रेघ उमटली पाहिजे. रेघ न उमटल्यास काम थांबवावे, एरवी पट्टी निळी पडते.

साखळी बोथट झाल्याची खूण भुश्शावर दिसते. धारदार साखळी लाकडाच्या कपच्या टाकते, बोथट साखळी पीठ पाडते. तेव्हा जोर लावून करवत दाबू नये; बसून गोल कानशीने प्रत्येक दातास सारखे दोन-तीन हात मारावेत. एका बाजूचे दात अधिक झिजले की काप वाकडा जातो. जुन्या बाभळीच्या लाकडाने साखळी लवकर बोथट होते हे खरे. परंतु तिचा खरा घात बांधावरच्या झाडात दडलेल्या तारेने व खिळ्याने होतो. कुंपणाची काटेरी तार खोडास ठोकलेली असते, आणि दहा-पंधरा वर्षांत झाड ती गिळून टाकते. तोडीपूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. कोणत्या झाडास कुंपण बांधले होते ते त्यांस आठवते.

करवतीतील पैसा बुडाला तर पुन्हा मिळविता येतो; हात-पाय मात्र पुन्हा येत नाहीत. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला की करवत चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. पुढील दांडी ढकलली की साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. स्वस्त करवतीत हा ब्रेक दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी तपासावा, व तो लागत नसेल तर करवत दुकानात परत न्यावी. चपला घालून, उपरणे वा धोतराचा सोगा मोकळा सोडून, शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर करवत धरून काम करू नये. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी जिल्ह्यात ठिकठिकाणी झाडे पाडली. अशा पडलेल्या झाडाच्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात, आणि कापताच उसळून अंगावर येतात. विजेच्या तारेत अडकलेल्या झाडास तर महावितरणच्या माणसाने प्रवाह बंद केल्याविना हात लावू नये.

यंत्र आले म्हणजे झाड तोडण्याचा अधिकार आला, असेही नव्हे. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग ही झाडे १९६४ च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती आपल्या मालकीच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गायरान व कालव्याची कड तर आपली नव्हेच.

खरेदीपूर्वी शिरूर किंवा दौंडच्या बाजारात जाऊन त्या करवतीची साखळी, स्टार्टरची दोरी, प्लग व कार्ब्युरेटर सुटे मिळतात काय, हे पाहावे. साखळी मागताना कड्यांतील अंतर, खाचेची जाडी व कड्यांची संख्या हे तीनही आकडे सांगावे लागतात. ते पट्टीवर कोरलेले असतात, नसल्यास घरी आणताच वहीत उतरून ठेवावेत. ज्या करवतीचे सुटे भाग पुण्याहून मागवावे लागतात, ती पाच हजारांत मिळाली तरी महाग होय. वस्तीवरील चार-पाच कुटुंबांनी वर्गणी काढून एक बरी करवत घेण्यासही हरकत नाही. मात्र ती चालविणारा व कानस मारणारा माणूस एकच असावा, आणि पेट्रोलचे मिश्रणही त्यानेच करावे.