पातेल्यातलं माप आणि गेटबाहेरचं पाकीट

शाळेतल्या मुलांच्या खाण्यात सरकारने लक्ष घातलं, त्याला आता तीस वर्षं झाली. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची पोषण योजना जाहीर झाली आणि चिपळूणसारख्या तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांतून मुलं महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेऊ लागली. अट ८० टक्के हजेरीची. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या भातात मिसळायचा. मुलाच्या पोटात त्यातला किती गेला, याचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

हिशेब आला तो २८ नोव्हेंबर २००१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. शिजवलेलं जेवण, त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. मग शाळाशाळांतून चुली पेटल्या. पुढे हे प्रमाण वाढून प्राथमिकसाठी ४५० कॅलरी नि १२ ग्रॅम प्रथिनं झालं, सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी नि २० ग्रॅम. लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मला हे आकडे फार मोलाचे वाटतात. शिजवणाऱ्या ताई, मुख्याध्यापक आणि तपासणीला आलेले साहेब, तिघांच्या हातात एकच माप असतं आणि कमी पडलं तर गावातला पालकही बोट ठेवू शकतो. २०१३च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुलं गेली. त्यानंतर मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेऊन नोंद करायची, यावर सगळीकडेच भर आला. एवढी दक्षता फुकट मिळणाऱ्या घासाला आहे.

मूल पैसे देऊन जे खातं, त्याला मात्र पुष्कळ काळ कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे पूर्वी शाळेबाहेर हंगाम विकायला बसायचा: थंडीत आवळे नि बोरं, उन्हाळ्याच्या तोंडावर करवंदं. तिखटमीठ भरपूर असायचं, माशाही बसायच्या. ते सगळं आरोग्याचं होतं असं मी म्हणणार नाही. पण हंगाम संपला की ते थांबायचं. पाच रुपयांच्या पाकिटाला हंगाम नाही.

८ मे २०१७ला राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळेच्या उपाहारगृहातून चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा, बर्गर, केक, पाणीपुरी यांना मज्जाव. त्याऐवजी चपाती, खिचडी, इडली, उपमा, शहाळ्याचं पाणी. यादी चांगली होती. पण वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेला उपाहारगृह कुठून असणार? तिथली मुलं खाऊ घेतात ते रस्त्यापलीकडच्या दुकानातून, आणि त्या दुकानाबद्दल निर्णयात काही नव्हतं.

ती उणीव अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी भरून काढली. मेद, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेत विकायचे नाहीतच, गेटपासून ५० मीटरच्या आतही नाहीत. अंमल १ जुलै २०२१पासून. तेव्हा करोनामुळे वर्ग बंद होते, आहाराचं धान्य पुन्हा कोरडंच घरी जात होतं. तीन आठवड्यांनी, २२ जुलैला, वाशिष्ठी नि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दुकानंच्या दुकानं मालासकट गेली. त्या दिवसांत घरात चूल पेटवायला कोरडं काही नव्हतं. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा आला तर तो देवासारखाच. दुकानं पुन्हा उभी राहिली ती कर्ज काढून, आणि फळीवर आधी लागलं ते झटपट खपणारं पाकीट. त्या दुकानदाराला मी दोष देणार नाही. दोष नियमातच आहे. त्यात ‘जास्त’ आहे, ‘किती’ नाही. पातेल्यातलं तेल ग्रॅमात मोजणाऱ्या मुख्याध्यापकांनी गेटबाहेरचं पाकीट कोणत्या मापाने नाकारायचं?

आणि पाकिटाशी सामना करायचा तर आतलं जेवण मुलाला हवंसं वाटायला हवं. त्या बाजूने २०२३च्या नोव्हेंबरात मोठं पाऊल पडलं होतं: आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं. २०२४च्या जूनमध्ये नव्या पाककृती आल्या, मोड आलेली कडधान्यं आली, नाचणीचं सत्त्वही आलं. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी पिकवणाऱ्या कोकणाला आपलं धान्य सरकारी यादीत दिसायला १९९५पासून इतकी वर्षं लागली, तरी आनंद वाटला. तो फार टिकला नाही. जानेवारी २०२५च्या निर्णयाने अंडा पुलाव आणि नाचणी सत्त्व ऐच्छिक केले आणि अंडी नि साखर यांचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभा करावा असं सांगितलं.

अंड्याला सरकारनेच धरलेला पाच रुपयांचा दर घेतला, तर वीस मुलांच्या शाळेला आठवड्याला १०० रुपये लागतात. रक्कम छोटी आहे. पण कोकणात गावची निम्मी कर्ती माणसं मुंबईला, गणपती नि शिमग्याला येणारी. सणाला आलेला चाकरमानी शाळेच्या कौलांना, कमानीला आनंदाने हातभार लावतो. दर बुधवारच्या अंड्यासाठी मात्र त्याच्या दारात कोण जाणार? समितीतल्या आया स्वतःच रोजावर जाणाऱ्या. हे १०० रुपये सरकारनेच द्यायला हवेत, आणि तेही या वर्षाच्या पुरवणी मागण्यांतच.