घरच्या बागेंत सर्वांत आधीं कोणता टोमॅटो पिकतो?

आपल्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं अंगणांत, गच्चीवर किंवा खिडकीशीं चार कुंड्या असतात, व त्यांत एखादें तरी टोमॅटोचें झाड असतें. त्या झाडाचें फळ कधीं पिकणार, हा प्रश्न घरांतील लहानथोर सर्वच विचारतात. विषय दिसण्यांत क्षुल्लक आहे. परंतु ज्याची बाग चार कुंड्यांची, त्यास तो क्षुल्लक नाहीं. शेतकऱ्याचा एक वाफा फसला तर दुसरा असतो. कुंडीवाल्याचा एक हिवाळा हुकला कीं त्याचें वर्षच हुकलें. म्हणून लौकर पिकणाऱ्या जाती कोणत्या, व त्या लौकर कां पिकतात, याचा येथें थोडा विचार करूं.

टोमॅटो हा वांगें, मिरची व बटाटा यांचा भाऊबंद आहे. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील प्रदेशांत आढळतात. मोठ्या फळांचा बागायती टोमॅटो मेक्सिकोंतील लोकांनीं वाढविला, व त्यांच्याच ‘टोमाट्ल’ या शब्दावरून आजचें नांव आलें. आपल्याकडे त्यास पूर्वीं वेलवांगें असेंही म्हणत. मूळ प्रदेश लक्षांत ठेवण्याचें कारण हें कीं, या झाडास ऊन हवें असतें, पण होरपळ सोसत नाहीं. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभें आहे.

प्रथम मोजणीची रीत समजून घेतली पाहिजे. बियांच्या पाकिटावर ‘६० दिवस’ असें छापलेलें असतें, तें वाचून पुष्कळ जण बीं पेरल्या दिवसापासून मोजूं लागतात व साठाव्या दिवशीं निराश होतात. टोमॅटोच्या बाबतींत हा आंकडा बहुधा रोप काढून कायमच्या जागीं लाविल्यापासूनचा असतो. बीं उगवण्यास पांच ते आठ दिवस व रोप लावण्याजोगें होण्यास एकंदर चार ते पांच आठवडे लागतात. म्हणजे ६० दिवसांची जात ही वास्तविक ९० दिवसांची झाली.

आतां एक जात आधीं व दुसरी मागाहून कां पिकते? याचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें, लौकर येणाऱ्या जातींस थोडींच पानें फुटतांच पहिला फुलोरा धरतो. उशिराच्या जातींस अधिक पानें यावीं लागतात. दुसरें, फळ जितकें लहान तितकें तें लौकर पुरें वाढतें. बोराएवढा टोमॅटो मोठ्या गरदार टोमॅटोच्या आधीं लाल होतो तो यामुळेंच. तिसरें, कांहीं जातींचीं झाडें ठराविक उंचीवर आपोआप थांबतात. हा गुण अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत १९१४ सालीं एका झाडांत प्रथम आढळला, व पुढें अनेक बुटक्या जातींत तो उतरविण्यांत आला. असें झाड वाढत बसत नाहीं; आपलीं फळें थोड्या आठवड्यांत एकदम देऊन मोकळें होतें.

थंड देशांत उन्हाळा आंखूड असल्यामुळें तेथील लोकांनीं या कामीं फार परिश्रम केले आहेत. कॅनडांतील बीव्हरलॉज येथील संशोधनकेंद्रानें ‘सबआर्क्टिक’ नांवाच्या जाती मुद्दाम थंडीसाठीं काढल्या. अमेरिकेंत बर्पी या बियाणेंवाल्यांनीं १९७५ सालीं घरगुती बागांसाठीं आणलेली ‘अर्ली गर्ल’ ही जात लावणीपासून सुमारें ५० ते ५२ दिवसांत फळ देते. त्यांच्याच एका जातीस ‘फोर्थ ऑफ जुलै’ असें नांव आहे. त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनापूर्वीं फळ हातीं यावें, हा त्यांतील हेतु, व तिची मुदत ४९ दिवसांची सांगतात. जपानांतील टोकिता यांची नारिंगी रंगाची, अतिशय गोड, लहान फळांची ‘सनगोल्ड’ सुमारें ५७ दिवस घेते.

आपल्या देशांतील जातींत घरच्या बागेस सोयीची म्हणजे ‘पुसा रुबी’. ‘सू’ ही अमेरिकन व सुधारलेली मेरठी, या दोन जातींच्या संकरांतून ती दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेनें काढली. ही संस्था १९०५ सालीं बिहारांतील पुसा गांवीं स्थापन झाली व १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ सालीं दिल्लीस आली. पण तिच्या वाणांच्या नांवांत ‘पुसा’ राहिलें. पुसा रुबीचें फळ चपटें, किंचित् वळ्या असलेलें असून लावणीपासून ६० ते ६५ दिवसांत पिकतें. याच संस्थेची ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ ही बुटकी जात; तिच्या नांवांत ‘अर्ली’ म्हणजे लौकर असा शब्द असला तरी तिला ७५ ते ८० दिवस लागतात असें सांगितलें जातें. यावरून नांवावर भिस्त ठेवूं नये, दिवस पाहावे, हें उघड होतें.

परंतु जातीपेक्षांही हवामान बलवत्तर आहे. दिवसाचें उष्णमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेलें, किंवा रात्रीं तें २४ अंशांखालीं उतरेनासें झालें, कीं परागकण निकामी होतात व फुलें गळून पडतात. थंडीनें रात्र १३ अंशांच्या खालीं गेली तरीही फळ धरणें कठीण होतें. शिवाय फळास लाली आणणारें ‘लायकोपीन’ हें द्रव्य २० ते २५ अंशांत चांगलें तयार होतें, व ३० अंशांच्या वर तें अडतें; म्हणून भर उन्हाळ्यांतील टोमॅटो पिवळट नारिंगीच राहतात.

आतां दिनदर्शिका घेऊन हिशेब करूं. १५ सप्टेंबरास बीं पेरलें व १५ ऑक्टोबरास रोपें लाविलीं, तर पुसा रुबीचें पहिलें फळ १४ ते १९ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे नाताळच्या आधीं, ताटांत येईल. तेंच बीं १५ जानेवारीस पेरलें तर फुलोरा मार्चांत येईल, आणि देशावर त्या महिन्यांत ऊन चढूं लागलेलें असतें. मग ४९ दिवसांची जात आणली तरी फुलें गळतांना पाहणेंच नशिबीं येतें. जात निवडून दहा दिवस वांचतात; वेळ चुकल्यास सर्वच जातें.

मशागतीनेंही फळ लौकर वा उशिरा येतें. कुंडी निदान पाऊण हात खोल व दिवसांतून सहा तास उन्हांत असावी. शेणखत चांगलें कुजलेलें घालावें. मात्र नत्रयुक्त खताचा मारा केल्यास झाड पानांनीं माजतें व फुलोरा लांबतो. पाणी नेमानें द्यावें, कारण एक दिवस कोरडें व दुसऱ्या दिवशीं भरपूर असें केल्यास फळें तडकतात व त्यांचें बूड काळें पडून सडतें. टोमॅटोचें फूल बहुधा स्वतःच्याच परागांनीं फळतें. जेथें वारा कमी तेथें सकाळीं फुलोऱ्यास बोटानें हलकी टिचकी द्यावी.

फळाच्या तळाशीं गुलाबी झांक आली कीं तें तोडण्यास हरकत नाहीं. तें घरांत ठेवलें तरी चवींत फारशी उणीव न येतां पिकतें, आणि पांखरांपासून वांचतें. पिकतांना फळांतून ‘इथिलीन’ नांवाचा वायु सुटतो व तो पिकण्यास आणखी चालना देतो. कागदी पिशवींत टोमॅटोशेजारीं पिकलें केळें ठेवतात तें यासाठींच. अगदीं कोंवळें हिरवें फळ मात्र या उपायानें सुधारत नाहीं.

सारांश, सर्वांत आधीं फळ पाहिजे असेल तर एका कुंडींत लहान फळांची जात व दुसरींत पुसा रुबी लावावी; उरलेल्या दोन कुंड्यांत उशिराची, मोठ्या फळांची जात ठेवावी, म्हणजे पहिल्या कुंड्या थकल्या तरी स्वयंपाकघर रिकामें राहणार नाहीं. लौकर येणारें झाड बहुधा थोडेंच देतें, हेंही पालकांनीं मुलांस सांगावें. पुसा रुबी ही संकरित पिढीची जात नसल्यामुळें तिच्या उत्तम फळाचें बीं धरून पुढील वर्षीं पेरतां येतें. ‘अर्ली गर्ल’ किंवा ‘सनगोल्ड’ यांच्या बियांपासून आईसारखें झाड येईलच असें नाहीं.

विद्यार्थ्यांनीं एक छोटी वही घालून तींत पेरणीची, लावणीची, पहिल्या फुलाची व पहिल्या पिकलेल्या फळाची तारीख लिहावी. पाकिटावरील आंकडा दुसऱ्या कोणाच्या बागेंतील असतो; या चार तारखा तुमच्या स्वतःच्या अंगणाच्या असतील, व दोनतीन वर्षांत तुमच्या घरीं कोणता टोमॅटो सर्वांत आधीं पिकतो याचें उत्तर तीच वही देईल.