व्हिलन आपलासा का वाटतो? रावण, कर्ण आणि आईचा एक प्रश्न

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. आजचा प्रश्न साधा आहे: गोष्ट ऐकताना, सिनेमा बघताना आपण हिरोला सोडून व्हिलनच्या बाजूनं का होतो?

सुरुवात घराजवळून करू. अकोला जिल्ह्यात, पातूर तालुक्यात सांगोळा नावाचं गाव आहे. 1998 मध्ये वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते आणि आपण एकाच जिल्ह्यात होतो. तिथे रावणाची काळ्या पाषाणातली दहा तोंडांची मूर्ती आहे. दसऱ्याला सगळीकडे रावण जळतो, सांगोळ्यात त्याची पूजा होते. गंमत म्हणजे गावकरी रामालाही मानतात. सीतेला पळवलं म्हणून कोणी रावणाला हात जोडत नाही; त्याची विद्वत्ता आणि तपश्चर्या यांना ते नमस्कार करतात. म्हणजे पहिलं कारण हे: आपण अख्खा व्हिलन उचलत नाही, त्याच्यातलं आपल्याला पटेल तेवढं घेतो.

दुसरं कारण म्हणजे अंतर. रेबेका क्राउस आणि डेरेक रकर या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यासारखे गुण असलेल्या काल्पनिक खलनायकाकडे माणूस ओढला जातो, असं त्यांना दिसलं. खऱ्या आयुष्यात आपण अशा वाईट माणसापासून लांब पळतो, कारण आपणही तसेच आहोत की काय, ही भीती असते. गोष्टीत ती भीती राहत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: माईक कोणाच्या हातात आहे?

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 साली आली. कर्ण काही सरळसरळ व्हिलन नाही, पण लढला तो दुर्योधनाच्या बाजूनं. सावंतांनी गोष्ट त्याच्याच तोंडून सुरू केली आणि मराठी वाचकांच्या पिढ्या कर्णाच्या झाल्या. मीही झालो. अकरावीत असताना ती कादंबरी रात्र रात्र वाचली. कोणी अर्जुनाचं कौतुक केलं, की मी भांडायला तयार. सूतपुत्र म्हणून त्याला नाकारलं ना, मग त्यानं जे केलं ते बरोबरच!

एकदा जेवताना असंच भाषण चालू होतं. आई पोळी वाढता वाढता म्हणाली, “अन् मंग भर सभेत द्रौपदीले नाही नाही ते बोलला, तो कोन होता बाप्पा?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रसंग मला माहीत होता. द्रौपदीची वस्त्रं काढायला सांगणारा महाभारतातला आवाज कर्णाचाच आहे. मी तो वाचून पुढे सरकलो होतो, एवढंच.

नंतर एक गोष्ट लक्षात आली. ‘मृत्युंजय’मध्ये सहा जण आपली बाजू सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. द्रौपदी त्यात नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस; आमच्याकडे बिघाड शोधताना एकाच सर्व्हरचे लॉग वाचले, तर चूक कायम दुसऱ्याच सर्व्हरची निघते. गोष्टीचंही तसंच आहे.

म्हणून व्हिलनची बाजू घेऊ नये का? जरूर घ्यावी. माणूस वाईट का वागतो हे कळायला त्यासारखा सोपा रस्ता नाही. फक्त कारण कळलं म्हणजे माफी झाली, असं नाही. कर्णावर अन्याय झाला हे खरं, आणि त्यानं द्रौपदीवर केला हेही खरं. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता आलं पाहिजे.

मी आजही कर्णाच्याच पार्टीत आहे. पण आता पुस्तक मिटताना विचारतो, इथे कोणाला बोलूच दिलं नाही?

तुमचा लाडका व्हिलन कोण, आणि त्याच्या गोष्टीत गप्प कोण आहे, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!