वाङ्निश्चयाच्या अंगठीचा खडा

माझ्या एका भाचीचा वाङ्निश्चय झाला, तेव्हां तिनें हिऱ्याऐवजीं पाचूची अंगठी मागितली. वरपक्षानें ती हौसेनें केली, आणि पाचू खरोखरच देखणा होता. लग्नास तीन आठवडे उरले असतां ती अंगठी एका सराफाकडे नुसती स्वच्छ करण्यास दिली. ती परत आली तों खड्यांत कोळिष्टकासारख्या पांढुरक्या रेघा! निश्चयाच्या अंगठीचा खडा तडकला, याचा अर्थ काय घ्यावयाचा? हा प्रश्न कोणीं उच्चारला नाहीं, पण तो घरभर वावरूं लागला. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाहीं.

श्रोतेहो, खडा तडकला नव्हता. त्या रेघा त्यांत जन्मापासूनच होत्या. पाचू जमिनींत तयार होतो तोच बहुधा भेगा घेऊन. पैलू पाडल्यानंतर त्या भेगांत रंगहीन तेल मुरवितात, म्हणजे त्या डोळ्यांना दिसत नाहींत. ही रीत जुनी आहे, आणि ती सांगून केलेली असली तर तींत लबाडी नाहीं. सराफानें अंगठी ध्वनिलहरींनीं दागिने धुण्याच्या यंत्रांत घातली. तेल निघून गेलें, भेगा उघड्या पडल्या. अपशकुन कसला तो एवढाच. परंतु खडा घेतांना कोणींच विचारलें नव्हतें कीं, हा रोज बोटांत टिकेल काय? आज सांगावयाचें आहे तें याच प्रश्नाविषयीं.

कर्णफुलांतील खडा हवेंत असतो, हारांतील खडा छातीवर असतो. अंगठींतील खडा मात्र दिवसभर भांड्यांवर, नळावर, दाराच्या कडीवर आपटत असतो. म्हणून अंगठीपुरता तरी रंगाआधीं काठिण्याचा विचार करावा. फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांची दहा पायऱ्यांची एक श्रेणी लावली. जें खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढतें तें वरच्या पायरीवर. हिरा दहाव्या पायरीवर, माणिक व नील नवव्या, पाचू साडेसात ते आठ. गृहिणींनीं लक्षांत ठेवावी ती मात्र सातवी पायरी, कारण ती गारेची. धुळींत वाळूचे म्हणजे गारेचेच कण असतात. जो खडा सातांहून मऊ, त्याची झिलई नुसती धूळ पुसतांना देखील हळूहळू उतरते. ओपल, पिरोजा, पोवळें, मोती हीं सारीं त्या पायरीच्या खालीं येतात. तीं गळ्यांत किंवा कानांत शोभावींत.

माणिक आणि नील हीं एकाच खनिजाचीं भावंडें आहेत, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. तें खनिज म्हणजे आपला कुरुंद. पूर्वी ज्याची पूड लाखेंत घालून धार लावण्याचीं चाकें करीत, तोच. इंग्रजी ‘कोरंडम’ हा शब्दही दक्षिणेंतील भाषांतून तिकडे गेला. त्यांत क्रोमियमचा अंश आला कीं माणिक होतें, लोह व टिटॅनियम आले कीं नील. पिवळा, गुलाबी, जांभळा असे इतर रंगही त्यांत सांपडतात. म्हणजे रोज वापरावयाच्या अंगठीला रंगांची वाण नाहीं. इंग्लंडच्या राजघराण्यांत १९८१ सालीं डायानाला दिलेली सिंहली नीलाची अंगठी २०१० सालीं सुनेच्या बोटांत गेली.

येथें नांवांचा एक घोटाळा सांगितला पाहिजे. बाजारांत ‘पुष्कराज’ हा शब्द पिवळ्या कुरुंदाला लावतात आणि टोपॅझलाही. टोपॅझ आठव्या पायरीवर असला तरी एका दिशेनें घाव बसल्यास सरळ दुभंगतो. कुरुंदाला तसा सरळ चिरण्याचा दोष नाहीं. तेव्हां नांवावर न जातां खनिज कोणतें तें विचारावें. नांवानें राजेही फसले आहेत. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागीं असलेलें ‘ब्लॅक प्रिन्सचें माणिक’ हें माणिक नसून स्पिनेल आहे. मोगल बादशहा ज्याला ‘लाल’ म्हणत व ज्यावर आपलीं नांवें कोरवीत, तेंच हें रत्न. माझ्या मतें अंगठीसाठीं स्पिनेलची उपेक्षाच झाली आहे.

आतां खरेदीविषयीं थोडें. खडा दुकानांतील दिव्याखालीं पाहून ठरवूं नये. पिवळसर दिवा माणकाला खुलवितो, निळसर दिवा नीलाला. खिडकीशीं जाऊन दिवसाच्या उजेडांत पाहावा. तो छापील कागदावर ठेवल्यास मधून अक्षरें स्वच्छ वाचतां आलीं, तर घडण उथळ आहे आणि चमक मधोमध मरते. वजनावरून आकाराचा अंदाज बांधूं नये. पाचू हलका असल्यामुळें एक कॅरटचा पाचू एक कॅरटच्या नीलापेक्षां मोठा दिसतो.

तापवून रंग सुधारलेला नील घेण्यास हरकत नाहीं, कारण तो रंग टिकतो. मात्र तें पावतीवर लिहून घ्यावें. शिसेयुक्त कांच भरलेल्या माणकांपासून सावध राहावें. तीं २००४ च्या सुमारास बाजारांत आलीं, आणि त्यांतील कांच लिंबाच्या रसानेंही खराब होते. आपल्या स्वयंपाकघरांत त्यांचा निभाव कसा लागावा? कृत्रिम माणकाचें तसें नाहीं. ऑगस्त व्हेर्नोय या फ्रेंच रसायनज्ञानें १९०२ सालीं तें ज्योतींत बनविण्याची रीत जाहीर केली. काठिण्यांत तें खऱ्याच्या बरोबरीचें आहे, किंमतींत मात्र नव्हे. यासाठीं मोलाच्या खड्याला प्रयोगशाळेचें प्रमाणपत्र मागण्यास संकोच करूं नये. नातेवाईक सराफाकडेही नाहीं. तेथें तर आधीं.

आणि ग्रहांचें काय, असें कोणी विचारील. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीं ज्योतिषाला जरूर विचारावें. पण काठिण्य पत्रिकेंत लिहिलेलें नसतें.

भाचीच्या पाचूंत पुन्हा तेल मुरविलें, रेघा दिसेनाशा झाल्या. नख्यांचें जुनें कोंदण काढून खड्याच्या कडेनें सोन्याची सलग पट्टी बसविली, म्हणजे धक्का सोन्यानें सोसावा. ती अंगठी आतां सणासुदीला निघते, आणि धुवावयाची तर कोमट पाण्यानें व मऊ कुंचल्यानें, घरींच. रोजच्या बोटांत तिनें एक लहानसा नील घातला आहे.